ऊसतोडीला निघालेल्या पेशंटच्या गोळ्या: एका उपकेंद्राची केस

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) म्हणून काम करायला लागलं की वर्षाचे दोनच सीझन कळतात, गाव भरलेलं आणि गाव रिकामं. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात, दिवाळी उरकेपर्यंत निम्मी वस्ती कारखान्याला गेलेली असते आणि परत येतात ते पाडव्याच्या आगेमागे. मधले पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. ही केस त्या पाच-सहा महिन्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची आहे. ऐकायला लहान वाटते, पण नर्सच्या जिवावर चालणाऱ्या उपकेंद्रात काय करता येतं आणि कुठं हात बांधलेले असतात ते मला यात जेवढं दिसलं तेवढं दुसऱ्या कशात दिसलं नाही. गावाचं नाव देत नाही, माणसांची पण नाही, ओळख पटेल असे तपशील मुद्दाम बदललेत.

ज्यांना सीएचओ म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१८ च्या बजेटमध्ये आयुष्मान भारत जाहीर झालं, त्यात देशभरातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं हेल्थ अँड वेलनेस सेंटर करायची ठरली, २०२३ मध्ये त्यांचं नाव आयुष्मान आरोग्य मंदिर झालं. आधी उपकेंद्र म्हणजे लसीकरण, गरोदर माता आणि कुटुंब नियोजन एवढंच, आता तिथं बीपी, शुगर, तोंडाचा-स्तनाचा-गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासणी, म्हातारपणाचे आजार, मानसिक आरोग्य असं बरंच आलं आणि ते बघायला समुदाय आरोग्य अधिकारी नेमला. महाराष्ट्रात या पदावर बीएएमएस डॉक्टर पण भरपूर आहेत, पण माझ्यासारख्या बीएस्सी नर्सिंगवाल्या पण आहेत, ज्यांचं उपकेंद्र खऱ्या अर्थानं नर्स चालवते. टीम म्हणजे मी, आरोग्यसेविका ताई, आरोग्यसेवक आणि आशाताई. डॉक्टर पीएचसीला म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला, डोंगर उतरून.

आता अधिकाराचं. इंग्लंडमध्ये औषधं लिहिण्याचं वेगळं शिक्षण घेतलेली नर्स २००६ पासून जवळजवळ सगळी औषधं स्वतः लिहू शकते. आपल्याकडे बीपीची पहिली गोळी एमओ सर म्हणजे पीएचसीचे वैद्यकीय अधिकारी सुरू करणार, त्यांनी सुरू केली की दर महिन्याला बीपी बघून गोळ्या देणं, वाढलं तर परत सरांकडे पाठवणं किंवा ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर व्हिडिओ लावून डॉक्टरांशी बोलणं हे माझं काम. मला यात फार खटकत नाही. खटकतं ते "दर महिन्याला" हे. आमच्याकडचं माणूस नोव्हेंबरला सांगलीत असतं, जानेवारीला बेळगावकडं, आणि मी इथं रजिस्टर उघडून बसलेली.

पहिल्या वर्षी सीझन संपल्यावर जे दिसलं त्यावरून ही केस सुरू होते. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करायची म्हणून आशाताईंनी घरोघरी सीबॅक फॉर्म (कुणाला आजाराचा धोका आहे ते बघायची प्रश्नावली) भरून आणले, आम्ही वस्तीवर जाऊन बीपी-शुगर बघितली, पीएचसीला नेऊन गोळ्या सुरू करून घेतल्या आणि दसऱ्यापर्यंत बऱ्याच जणांचं बीपी १४०/९० च्या खाली पण आलं. मग टोळ्या गेल्या. जाताना प्रत्येकाच्या हातात महिन्याच्या गोळ्या. एप्रिलमध्ये तीच माणसं परत आली तर ऊसतोडीला गेलेल्यांपैकी एखाददुसरा सोडला तर सगळ्यांचं बीपी आधी होतं तिथं, काहींचं त्याच्याही वर. आणि वरून विचारणा काय, तर फॉलोअप का कमी झाला.

एका मावशींचं सांगते, वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा-बायको मिळून एक कोयता. एप्रिलमध्ये आल्या तेव्हा १७६/१०२. आधी पाणी भरून आल्या होत्या म्हणून पाच मिनिटं बसवलं, पाठ भिंतीला, हात टेबलावर, बोलू दिलं नाही, दुसऱ्यांदा घेतलं तरी १७०/१००. गोळ्या का बंद केल्या विचारलं तर म्हणाल्या, "म्याडम, तुमची गोळी दिवाळीलाच संपली की. तिथला दवाखाना फाट्यावर हाय. गेलं की दिवस जातंय, मग खाडा पडतोय. खाड्याचं पैसं कोण भरायचं?" खाडा म्हणजे कामाला दांडी, आणि दांडी मारली की मुकादमाच्या म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या हिशोबात त्या कोयत्याच्या नावावर पैसे चढतात, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात त्यात ते मिळवले जातात. म्हणजे सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी गोळी त्या बाईला एका दिवसाची मजुरी आणि वर खाड्याचा दंड एवढ्याला पडते. आता सांगा, कोण जाईल. आणि आम्ही रजिस्टरला लिहितो "पेशंट गोळ्या घेत नाही", जशी काय तिचीच हौस.

तेव्हाच ठरवलं की पुढच्या सीझनला माणूस गाव सोडायच्या आधी त्याच्या गोळ्यांची सोय लावायची. ठरवणं सोपं होतं.

पहिली अडचण हिशोबाची. उसाला जाणारे आमचे बीपीचे पेशंट तीसेक. प्रत्येकाला महिन्याऐवजी तीन महिन्यांच्या द्यायच्या म्हटल्या तर एकट्या अमलोडिपिन या बीपीच्या गोळीच्याच अडीच हजारांच्या वर गोळ्या एकदम लागतात. उपकेंद्राला औषध येतं पीएचसीतून आणि पीएचसीला मागणी पाठवताना आधीचा वापर बघितला जातो. आता गंमत बघा, आमच्या गावाचा वापर हिवाळ्यात पडतोच, कारण माणसंच नसतात. म्हणजे कागद सांगतो की या उपकेंद्राला कमी गोळ्या लागतात. त्यामुळे मागणी ऑगस्टमध्येच वेगळ्या पत्रानं टाकली, त्यात नेहमीचा वापर एवढा आणि स्थलांतरित पेशंटसाठी जादा एवढा असं स्वतंत्र लिहिलं, पीएचसीच्या औषध निर्माता दादांना दोनदा भेटून समजावलं. ते म्हणाले, मॅडम एकदम एवढ्या गोळ्या दिल्या आणि एक्सपायर होऊन परत आल्या तर उत्तर मी द्यायचं. बरोबर होतं त्यांचं. म्हणून एक्सपायरी जवळची स्ट्रिप गावात राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि लांबची उसाला जाणाऱ्यांना असं आम्ही वाटून घेतलं.

दुसरी अडचण एमओ सर. सर चांगले, पण त्यांचं म्हणणं की तीन महिने बीपी न बघता गोळ्या देणं म्हणजे डोळे झाकून गाडी चालवणं. यावर आमची चांगली तासभर चर्चा झाली आणि ती झाली ते बरंच झालं, कारण त्यातून जी वाटणी निघाली ती माझ्या मनातल्यापेक्षा शहाणी होती. ज्यांचं बीपी लागोपाठ दोन वेळा १४०/९० च्या खाली आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या. ज्यांचं नाही त्यांना महिन्याच्याच, सोबत चिठ्ठी, आणि टोळी जिथं उतरेल तिथल्या जवळच्या पीएचसीचं नाव. त्यासाठी मी सप्टेंबरपासून दर आठवड्याच्या एनसीडी (बीपी-शुगरसारख्या असंसर्गजन्य आजारांच्या) दिवशी आणि संध्याकाळी वस्तीवर जाऊन यांचंच बीपी आधी घेत सुटले, म्हणजे निघायच्या आधी दोन रीडिंग हातात असावीत. संध्याकाळीच, कारण दुपारी उपकेंद्रात यायला यांच्यातलं कोणी घरी नसतं, खुरपणीला गेलेलं असतं.

गोळी कोणती हे पण तेव्हाच तपासलं आणि इथं मला नर्स असण्याचा फायदा झाला असं मी म्हणेन, कारण पेशंटचा दिवस कसा जातो ते आपल्याला विचारायची सवय असते. शुगरचे दोन पुरुष पेशंट ग्लिमेपिराइड या शुगर उतरवणाऱ्या गोळीवर होते. ऊसतोडीत पहाटे तीन-चारला उठून थंडीत कोऱ्या चहावर फडात उतरतात, भाकरी पोटात जाते उन्हं वर आल्यावर. रिकाम्या पोटी ग्लिमेपिराइड आणि वर एवढी मेहनत म्हणजे शुगर झपकन खाली येणार, हातात कोयता असताना चक्कर. सरांना हे सांगितल्यावर त्यांनी एकाची ती गोळी बंद करून मेटफॉर्मिनवर ठेवला, दुसऱ्याची शुगर तेवढी खाली नव्हती म्हणून डोस कमी केला आणि भाकरी समोर आल्याशिवाय गोळी घ्यायची नाही असं त्याच्या बायकोला पाठ करून दिलं. त्याच्या शर्टाच्या खिशात साखरेची पुडी पण दिली, ती मुंग्यांनी खाल्ली हे नंतर कळलं.

तसंच टेल्मिसारटनचं. ही बीपीची गोळी गरोदरपणात चालत नाही, आणि पस्तीस-चाळिशीतल्या बाया डॉक्टरसमोर पाळीबद्दल बोलत नाहीत. माझ्याशी बोलल्या. एकीचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं नव्हतं, पाळी चालू होती, तिची गोळी सरांनी बदलली. बाकी बऱ्याच जणींचा प्रश्नच नव्हता, गर्भपिशवीच काढलेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं हे प्रकरण २०१९ मध्ये पेपरात गाजलं, विधान परिषदेच्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती पण बसली. इथं त्यात शिरत नाही, पण तपासणीला बसलेल्या चाळिशीच्या बाईच्या पोटावर तो टाका दिसला की आपण काय विचारणार, पुढचं रीडिंग लिहितो.

आता तिसरी अडचण, जिला मी या केसचं मूळ मानते. प्रत्येक उपकेंद्राला जन आरोग्य समिती असते, सरपंच अध्यक्ष, एमओ सहअध्यक्ष, सीएचओ सदस्य सचिव. उपकेंद्राच्या अनटाइड फंडाचा (गरजेप्रमाणे वापरायच्या निधीचा) खर्च हीच समिती ठरवते. मला कार्डं छापायला, झिपच्या पिशव्या घ्यायला आणि बीपी मशीनच्या सेलसाठी थोडे पैसे हवे होते म्हणून विषय मीटिंगला ठेवला. सरपंच म्हणाले, चांगलं काम आहे मॅडम, ठराव घ्या, आणि कुणाकुणाला बीपी-शुगर आहे त्याची यादी पण ठरावाला जोडा, आपणच लक्ष देऊ. सरपंच मुकादमाच्या घरातले. आमच्या भागात यात नवल काही नाही, ज्याच्याकडं जीप आणि दहा माणसं तोच निवडून येतो.

यादी द्यायला काय हरकत, असं आमच्या आरोग्यसेवकाला पण वाटलं. हरकत अशी की उचल किती द्यायची हे मुकादम कोयता बघून ठरवतो. जोडी दणकट असेल तर जास्त, एखादा आजारी असेल तर कमी, किंवा ह्या वर्षी राहू द्या म्हणून टोळीतूनच बाहेर. बीपीची यादी त्याच्या हातात गेली असती तर पुढच्या वर्षी एक पण बाई हात पुढं करून बीपी मोजायला बसली नसती, आणि मला तर ते रजिस्टर भरायला दोन वर्षं लागली होती. त्यात तपासणीत सापडलेली गोष्ट पेशंटची असते हे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, ते इथं एका जोडीच्या वर्षभराच्या उचलीशी येऊन भिडतं एवढंच.

मी भर मीटिंगमध्ये नाही म्हटलं नाही. सरपंचाला चारचौघांत नाही म्हणून सीएचओला त्या गावात राहता येत नाही, आणि मी तर उपकेंद्राच्याच क्वार्टरला राहते. म्हटलं, साहेब, ठरावाला संख्या जोडते, पुरुष एवढे बाया एवढ्या, नावं सरकारी ऑनलाइन पोर्टलवर आहेत आणि ती मला कागदावर काढता येत नाहीत. एमओ सरांनी लगेच "बरोबर आहे, नियम आहे तसा" म्हणून उचलून धरलं. ठराव झाला. सरपंच नंतर आठवडाभर जरा तुटक बोलले, मग त्यांच्याच आईचं बीपी वाढलं आणि विषय संपला.

पण याचा परिणाम असा की गोळ्या मुकादमाच्या जीपमधून पाठवायचा सोपा रस्ता बंद झाला. जीप तर महिन्यातून चार वेळा ये-जा करते. मग दुसरी साखळी लावली. तीन महिन्यांच्या गोळ्या निघायच्या वेळी थेट हातात, घरी जाऊन. पुढच्या तीन महिन्यांच्या सासूकडे किंवा घरी राहणाऱ्या मोठ्या पोरीकडे, त्या उपकेंद्रात येऊन नेणार आणि कोणी नातेवाईक तिकडं निघाला की भाकरी-लोणच्याच्या पिशवीत घालून देणार. पिशवीत काय आहे ते कुणी उघडून बघत नाही. आशाताईंची ही आयडिया, माझी नाही.

कार्डाबद्दल थोडं, कारण हे कुणालाही उचलता येईल. कार्ड साधं, पाठपोट. समोर बीपीचे आकडे तारखेसह, मागं गोळीची रिकामी स्ट्रिप स्टेपल केलेली. चालू असलेल्या गोळीचीच स्ट्रिप, म्हणजे तिकडचा कुठलाही डॉक्टर किंवा सिस्टर ती बघून ओळखेल, पेशंटला नाव सांगता येवो न येवो. रोजची वेळ म्हणून लिहिण्याऐवजी चंद्राचं चित्र, कारण पहाटे कोपीत अंधारात कुणी गोळी शोधत बसत नाही, रात्री भाकरी खाऊन झोपताना घेतली की झालं, अमलोडिपिनला ते चालतं. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, रात्री दव पडतं, स्ट्रिप दमट होते, म्हणून झिपची पिशवी, आणि ती खाली नाही ठेवायची, आडव्या बांबूला टांगायची, उंदीर असतात.

सीझन सुरू झाल्यावर फोन. बायांकडं फोन नसतो, नवऱ्याच्या फोनवर रात्री आठनंतर. पहिल्या महिन्यात एका मावशींच्या पायाला सूज आली, त्यांना वाटलं गोळीनं किडनी गेली, गोळी बंद करून बसल्या. अमलोडिपिननं काहींच्या घोट्याला सूज येते, पण फोनवर "काही नाही होत" म्हणणं मला धोक्याचं वाटलं, म्हणून दम लागतो का, लघवी कमी झाली का, तोंडावर सूज आहे का विचारलं, सरांना ई-संजीवनीवर दाखवायचं ठरवलं तर व्हिडिओला रेंज नाही. शेवटी तिकडं सांगलीत कारखान्याजवळच्या उपकेंद्राच्या सीएचओचा नंबर सीएचओंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागितला, ती पोरगी संध्याकाळी स्वतः फडावर गेली, बीपी घेतलं, पाय बघितले, फोटो पाठवला, सरांनी डोस कमी केला. आम्ही दोघी अजून भेटलेलो नाही. या पूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त कामाचा दुवा तोच ठरला, आणि तो कुठल्याही गाइडलाइनमध्ये नाही, दोन जिल्ह्यांतल्या दोन नर्सचा आपसातला व्यवहार.

एप्रिलमध्ये माणसं परत आली तेव्हा कार्ड आणि उरलेल्या गोळ्या घेऊन या म्हणून निरोप धाडला. गोळ्या मोजल्या. निम्म्याहून जास्त जणांनी बऱ्यापैकी नियमित घेतल्या होत्या, बीपी पण त्यातल्या बहुतेकांचं आटोक्यात. वर सांगितलेल्या १७६ वाल्या मावशी १३८/८६. काहींच्या गोळ्या लवकर संपल्या होत्या आणि बीपी तसंच वर, हे कोडं उलगडायला वेळ लागला. एकीनं सांगितलं, शेजारच्या कोपीतल्या बाईचं डोकं दुखायचं म्हणून तिला दिल्या, "चांगली गोळी हाय, सरकारी" म्हणून. टोळीतल्या चार जणींना एकीच्याच पिशवीतून बीपीची गोळी. आणि एका पुरुषाला तिकडं प्रायव्हेटला दाखवल्यावर वेगळ्या नावाची गोळी मिळाली, कार्ड त्यानं दाखवलं नव्हतं, तो दोन्ही घेत राहिला, त्याला उठताना चक्कर यायची. दोन्हीत अमलोडिपिनच होतं. जे कधीच नियमित घेणार नव्हते ते याही वेळी घेतले नाहीत, त्यात दारूवाले जास्त, त्यांच्यासाठी माझ्याकडं अजून काही उत्तर नाही.

पैशाचं पण सांगते, कारण लोक लिहीत नाहीत. आमचं मानधन पंचवीस हजार फिक्स आणि पंधरा हजारांपर्यंत कामावर आधारित. त्या कामाच्या निर्देशकांत बीपी-शुगरच्या पेशंटचा फॉलोअप असतो. सांगलीच्या सिस्टरनं माझ्या पेशंटचं बीपी घेतलं तर ते माझ्या खात्यात दिसत नाही, आणि तीन महिन्यांच्या गोळ्या दिलेला पेशंट दोन महिने "आला नाही" म्हणूनच दिसतो. म्हणजे जितकी चांगली सोय लावाल तितका आकडा खाली. मीटिंगला हे मांडलं, तर लेखी द्या म्हणाले, दिलं, अजून काही आलेलं नाही. गावात बसून राहणारे पेशंटच दर महिन्याला मोजत राहिलं असतं तर माझा इन्सेंटिव्ह जास्त आला असता हे मला तेव्हाही कळत होतं.

यंदा कार्डावर एक बदल केलाय, चंद्राच्या शेजारी एकाच माणसाचं चित्र आणि त्यावर फुली मारलेली दुसरी माणसं, म्हणजे वाटायची नाही. गोळी सुरू करतानाच टोळीतल्या बाकी बायांचं पण बीपी मोजायचं ठरवलंय, म्हणजे डोकं दुखणारीला तिची स्वतःची गोळी मिळेल, लागत असेल तर. मधल्या काळात एमओ सर बदलले. नवीन मॅडम तीन महिन्यांना अजून तयार नाहीत, दोन महिने म्हणतात, म्हणजे दुसरी खेप संक्रांतीच्या आत तिकडं पोचवावी लागेल आणि त्या दिवसांत गावाकडून जाणारं कोणी नसतं. ऑगस्टची मागणी मात्र मी तीन महिन्यांचीच टाकलीय. कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांचं काय करायचं ते ठरायचंय, तिथल्या सीएचओंच्या ग्रुपमध्ये आपली मराठी कुणाला कळत नाही, बेळगावकडच्या कुणा सिस्टरशी ओळख असेल तर कळवा.